चौदा नंबरच्या प्लॉटातली गोम

आमच्या कचेरीत आवक टपालाची नोंदवही माझ्याकडे होती. त्या वहीनं मला जे शहाणपण शिकवलं, त्यातला पहिला धडा असा की कुठलाही कागद आल्या आल्या पुढं पाठवू नये. टेबलावर तीन-चार दिवस लोणच्यासारखा मुरू द्यावा. निम्मे कागद मुरता मुरताच निकालात निघतात. लोक म्हणतात, सरकारी काम, सहा महिने थांब. मला सहा महिने म्हणजे घाईच वाटायची.

कमलिनी असती तर इथंच म्हणाली असती, "झालं सुरू यांचं वहीपुराण!" ती जाऊन चार वर्षं झाली. आता भोपाळच्या अवधपुरीतल्या या घरात माझं पुराण अडवायला कुणी नाही, म्हणून लिहायला बसलोय. खरं तर ही गोष्ट तिची. आल्या-गेल्याला ती सांगायची आणि मी समोर बसून ऐकायचो. पण तिला जे ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं.

छप्पन्न साली राज्यांची फेरमांडणी झाली आणि आमचं नागपूर राजधानीचं नुसतं नागपूर झालं. आम्हा कारकुनांच्या याद्या लागल्या. माझ्या शेजारच्या टेबलावरचा विजय मुंबई राज्याच्या यादीत गेला, मी नव्या मध्य प्रदेशाच्या. फायलींच्या पेट्यांबरोबर आम्हालाही गाडीत भरलं आणि भोपाळला उतरवलं. आमच्या लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते. कमलिनी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, एम.एस्सी.चं पहिलं वर्ष अर्धं टाकून ती माझ्यामागं आली. कुरकुर केली नाही. एवढंच म्हणाली, "राज्याची वाटणी करताना कुणी माझ्या परीक्षेचं वेळापत्रक बघितलं नाही."

दोन वर्षांनी माझी नेमणूक भोपाळच्याच कडेला, बरखेड्याला झाली. तिथं मोठा सरकारी कारखाना उभा राहत होता, आणि आमची कचेरी त्याच्या वसाहतीच्या जमिनीचं आणि क्वार्टर्सचं काम बघायची. आज बरखेड्यात उभं राहून सांगितलं तर कुणाला पटायचं नाही, पण आमच्या क्वार्टरच्या मागच्या दारापासून जंगल सुरू व्हायचं. सागवान, तेंदू, धावडा, मधेच एखादा मोह. सागाचा पाचोळा इतका जाड की माणूस चालला की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. संध्याकाळी नीलगाय कुंपणापर्यंत यायची आणि आमच्याकडं बघून निघून जायची, जणू आम्हीच तिच्या घरात घुसलो होतो. तसंच होतं म्हणा. भाजी आणायला शहरातला जवाहर चौक गाठायचा तर सायकलवर अर्धा दिवस जायचा. मी वैतागायचो. कमलिनीला मात्र ती जागा फार आवडली, आणि त्याचं कारण पाचोळ्याच्या खाली होतं.

तिच्या अर्धवट राहिलेल्या अभ्यासाचा विषय होता गोम. घरात पायाला डसते ती लाल जाडजूड घोण नव्हे. ही मातीतली गोम, जंगलातली. शेवईच्या काडीएवढी बारीक, फिकट पिवळी, चार बोटं लांब. ही कुणाच्या वाटेला जात नाही. ओल्या मातीत, कुजक्या ओंडक्याखाली, मुळांच्या फटीत राहते. तिला डोळेच नसतात. पायांच्या जोड्या कुणाला एकसष्ट, कुणाला त्र्याहत्तर, पण नेहमी विषम. "म्हणजे बरोबर शंभर पायांची गोम जन्माला येऊच शकत नाही," कमलिनी सांगायची. "पन्नास जोड्या लागतील, आणि पन्नास सम आहेत!" हे सांगताना तिला जो आनंद व्हायचा तो मला कधी पगाराच्या दिवशीही झाला नाही.

तिचा प्रश्न साधा होता. आईला जेवढ्या जोड्या, तेवढ्याच तिच्या पिल्लांना असतात का? या जातीचं असं कुणी मोजल्याचं तिच्या नागपूरच्या सरांना माहीत नव्हतं. मोजायचं तर एकाच आईची सगळी पिल्लं हाती लागायला हवीत. आणि तिथंच अडायचं. ही आई अंड्यांभोवती स्वतःचं वेटोळं घालून सात आठवडे बसते. काही खात नाही. अंड्यांना बुरशी येऊ नये म्हणून सारखी चाटत राहते. पण कुणी तिला हलवलं, माती उकरली, की बिथरते आणि सगळी अंडी, नाहीतर पिल्लं, खाऊन टाकते. नागपुरात कमलिनीनं चार वेळा काचेच्या बरणीत प्रयत्न केला होता, आणि चारही वेळा बरणीत शेवटी आई एकटी उरली होती. सर म्हणाले होते, जिथं आहे तिथंच बघायला मिळाली तर काही होईल.

आणि ती मिळाली. बरखेड्यातल्या आमच्या दुसऱ्या पावसाळ्यात, ऋषिपंचमीच्या दिवशी, मागच्या जंगलात मोहाच्या एका पडलेल्या ओंडक्याची सुटी साल कमलिनीनं सहज उचलली आणि खालच्या ओल्या मातीच्या खळग्यात वेटोळं दिसलं. अंडी कालपरवाचीच होती. ती धावत घरी आली. हात मातीनं भरलेले, पदराला काटे. "अहो, सापडली! साल नुसती झाकणासारखी उचलायची, बघायचं, परत ठेवायची. तिला कळतसुद्धा नाही!"

मी म्हटलं, "कुठल्या बाजूला?"

तिनं हातानं दाखवलं, आणि माझा चेहरा पडला. तो चौदा नंबरचा प्लॉट होता. पितृपक्ष संपला की घटस्थापनेला तिथली झाडं तोडून जमीन सपाट करायची होती. तो हुकूम मीच टाइप करून घेतला होता. कमलिनीनं बोटांवर दिवस मोजले. सात आठवडे म्हणजे एकोणपन्नास दिवस. घटस्थापना त्याच्या निम्म्यातच येत होती.

"साहेबांना सांगून बघता का?" तिनं विचारलं. कमलिनीनं माझ्याकडं कधी साडी मागितली नव्हती की दागिना.

आमचे साहेब नीळकंठराव पुण्याचे. बुद्धीनं तल्लख, स्वभावानं तापट, आणि एका बाबतीत हात पोळलेले. आदल्या वर्षी एका प्लॉटावर पाया खणून झाल्यावर नवाबी अमलातली सनद घेऊन एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले होते, आणि साहेबांना वर खुलासे देता देता नाकी नऊ आले होते. मी त्यांच्यापुढं उभा राहिलो तेव्हा मनात वाक्यं जुळवत होतो. बायकोच्या अभ्यासासाठी सरकारी काम थांबवा हे कुठल्या तोंडानं सांगायचं? शेवटी घसा खाकरून सुरुवात केली, "साहेब, त्या चौदा नंबरच्या प्लॉटात एक गोम आहे."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "अरे देवा! परत?"

"म्हणजे... तिथं मोहाच्या ओंडक्याखाली..."

"ते हद्दीचं झाड नंतर बघू. गोम आहे हे तुला कळलं कुठून? नाही, नको सांगूस. तू वेळेवर बोललास हे बरं केलंस, शांताराम. त्या मागच्या वेळेला कुणी तोंड उघडलं नव्हतं." आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मजकूर सांगायला सुरुवात केली: सदर जागेच्या मालकीबाबत शंका उपस्थित झाल्याने जुने दफ्तर तपासून अहवाल येईपर्यंत काम स्थगित ठेवावे.

मराठी माणसालाच अशी चूक करता येते. एखाद्या हिंदी साहेबाला मी 'कनखजूरा' म्हटलं असतं तर त्यानं फार तर चप्पल काढली असती. पण आपल्याकडं जमिनीत गोम आहे म्हटलं की पाय मोजायला कुणी जात नाही, वकील गाठतात. मी दोन क्षण तोंड उघडं ठेवून उभा राहिलो, मग मिटलं. जुनं दफ्तर उर्दूत होतं, अर्धं शहरातल्या एका कचेरीत, अर्धं नव्या राज्याच्या दुसऱ्या खात्यात पेट्यांत बांधलेलं. अहवाल यायला संक्रांत उजाडेल, असा माझा हिशेब होता.

घरी येऊन मी सांगितलं, "काम थांबलं."

"तुम्ही साहेबांना सांगितलंत?"

"सांगितलं की. चौदा नंबरच्या प्लॉटात गोम आहे म्हणून सांगितलं." यात एक अक्षर खोटं नव्हतं. कमलिनीचे डोळे भरून आले. त्या संध्याकाळी तिनं माझ्या आवडीची, कोथिंबीर भरलेली सांबारवडी केली, नागपूर सोडल्यापासून पहिल्यांदा, आणि मी सात खाल्ल्या. इतकं प्रेमानं माझ्याकडं त्याआधी कुणी बघितलं नव्हतं. मला ते फार आवडलं. कसं झालं ते खरं सांगून तो मान घालवायचं माझ्या जिवावर आलं.

मग रोज सकाळी ती भिंग आणि वही घेऊन जाऊ लागली. एका रविवारी मलाही नेलं. ओंडक्यापाशी वाकून तिनं साल अलगद उचलली. साबुदाण्याच्या चिमूटभर दाण्यांभोवती शेवई गुंडाळावी तसं काहीतरी होतं. मला किळस येईल असं वाटलं होतं, पण आली नाही. ते वेटोळं किंचित सरकलं आणि आणखी घट्ट झालं. "बघितलंत?" कमलिनी कुजबुजली. "आंधळी आहे, उपाशी आहे, पण एकालाही बाहेर राहू देत नाही." मी गोमेकडं कमी आणि तिच्याकडं जास्त बघत होतो. पाचोळ्याचा ओला वास, पानांमधून येणारं ऊन, आणि माझी बायको गुडघ्यांवर बसून श्वास रोखून बघत असलेली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली सकाळ कुठली असं कुणी विचारलं तर मी हीच सांगेन.

दसऱ्याला तिच्या सरांचं पत्र आलं. निरीक्षण पुरं झालं तर दिवाळीनंतर नागपूरला ये, असं त्यांनी लिहिलं होतं. तुला परत दाखल करून घेतो, एक वर्ष इथं राहून प्रबंध लिही. कमलिनीनं पत्र मला वाचून दाखवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"जा की," मी म्हणालो. "एक वर्ष म्हणजे काय! बघता बघता जाईल."

पण आतून मी पार हललो होतो. नागपूर गेलं, मित्र गेले, आता ही? आणि गेल्यावर या चिखलात परत कशाला येईल? तिथं तिचं माहेर, तिचे सर, तिची प्रयोगशाळा. इथं काय होतं? मी आणि आवक नोंदवही. मी काही तिच्या तोडीचा नव्हतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. ते तिला नागपूरला गेल्यावर कळेल, अशी मला भीती वाटत होती.

कोजागिरीच्या दिवशी दुपारी टपालात एक जाड लिफाफा आला. भोपाळच्या इतिहासात जुन्या दफ्तरातून इतक्या लवकर उत्तर आलेलं मी पाहिलं नव्हतं. चौदा नंबरच्या जागेवर कुणाचाही हक्क नाही, जमीन निर्वेध आहे. मी ते पत्र हातात घेऊन बसलो. फक्त नऊ दिवस राहिले होते. माझ्या टेबलावर कागद नऊ दिवस राहणं म्हणजे काहीच नव्हतं. माझ्या खालच्या खणात तेव्हाही तीन आठवड्यांपूर्वीची पत्रं होती. काही करायचं नव्हतं. नुसतं नेहमीसारखं वागायचं होतं.

मी उठलो, पत्र वहीत चढवलं, आणि दहा मिनिटांत साहेबांपुढं ठेवलं.

"शांताराम, आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय?" साहेब हसले आणि तिथल्या तिथं सही केली. उद्यापासून काम सुरू. क्वार्टर्सची वाट बघत तंबूत राहणारी माणसं आहेत, त्यांचा विचार केला पाहिजे, असं मी स्वतःला घरी जाईपर्यंत सांगत राहिलो. त्या तंबूंची मला त्याआधी कधी आठवण झाली नव्हती. घरी कमलिनी दूध आटवत होती. मी केशर घातलेलं दूध दोन पेले प्यालो आणि काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत बसतो न बसतो तोच हमीद मियाँ आला. तो तोडणीवाल्यांचा मुकादम, अस्सल भोपाळी. दारातूनच म्हणाला, "बाबूसाब, भाबीजी वां लकड़ी के पास बैठी हेंगी. उठ नी रईं. अब हम क्या करें, खाँ?"

मी गेलो. दहा-बारा माणसं कुऱ्हाडी घेऊन अवघडून उभी होती आणि कमलिनी ओंडक्याजवळ जमिनीवर बसली होती. मला बघून तिचा चेहरा उजळला. "अहो, काहीतरी घोटाळा झालाय. साहेबांना परत एकदा सांगा ना. फक्त आठ दिवस. पिल्लांना पाय दिसायला लागलेत!"

"सांगून बघतो," मी म्हणालो.

कचेरीत साहेब होते. मी त्यांच्या दारावरून पुढं गेलो, मागच्या पडवीत माठाजवळ जाऊन उभा राहिलो. एक पेला पाणी प्यालो. मग दुसरा. साहेबांच्या खोलीतून ते फोनवर बोलत असल्याचं ऐकू येत होतं. ते काही राक्षस नव्हते. खरी गोष्ट ऐकून कदाचित भडकले असते, कदाचित पोट धरून हसले असते आणि आठ दिवस दिलेही असते. मला नेमकी तीच भीती होती. पंधरा मिनिटं झाल्यावर मी परत गेलो.

"साहेब नाही म्हणाले," मी सांगितलं.

कमलिनीनं मान हलवली. वाद घातला नाही. हमीद मियाँनं बाकीच्यांना लांब केलं, स्वतः गुडघे टेकून तो मातीचा गोळा खुरप्यानं चारी बाजूंनी सोडवला आणि तिच्या ॲल्युमिनियमच्या डब्यात अलगद ठेवला. "अल्ला मालिक हे, भाबीजी," तो म्हणाला. ती डबा दोन्ही हातांत धरून, एकेक पाऊल बघत घरी गेली. दिवसभर तिनं डब्याला हात लावला नाही. दिवेलागणीला झाकण उघडलं.

खळग्यात आई एकटी होती.

मी म्हटलं, "कमल..." तीच माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही कशाला तोंड एवढंसं करता? दोनदा जाऊन सांगितलंत. बायकोसाठी एवढं कोण करतं?"

ती नागपूरला गेली नाही. पुढच्या वर्षी ओंडके नव्हते, आणि पोटात अच्युत होता. मग वसाहतीतल्या शाळेत तिनं सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं. मुलं तिच्यावर जीव टाकायची. आमचा संसार चांगला झाला. हे मी स्वतःची समजूत घालायला म्हणत नाही, खरंच चांगला झाला. आणि घरी कुणीही आलं की चहाबरोबर ती गोष्ट यायची. यांनी माझ्या एका गोमेसाठी एवढ्या मोठ्या सरकारी कारखान्याचं काम पंधरा दिवस अडवून धरलं होतं! लोक हसायचे, माझ्याकडं कौतुकानं बघायचे. मीही हसायचो. पन्नाशीत हसलो, साठीत हसलो.

मग एका रविवारी अच्युतच्या मित्राची बायको, कांचन, ती गोष्ट ऐकून म्हणाली, "काकू, असा नवरा मिळायला भाग्य लागतं." कमलिनी म्हणाली, "लागतंच." सहज म्हणाली, कप उचलता उचलता. पाहुणे गेले आणि मला ते सहन होईना. मी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. साहेबांनी गोम म्हणजे भानगड समजून काम थांबवलं होतं ते, कोजागिरीचं पत्र, ती दहा मिनिटं, आणि माठाजवळची पंधरा मिनिटं. तेव्हा मी एकाहत्तर वर्षांचा होतो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं रडेल, चिडेल. मी त्याची तयारी केली होती.

"का?" तिनं विचारलं.

"तू नागपूरला गेली असतीस."

"गेले असते," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून, शाळेतल्या एखाद्या ढ मुलाला समजावावं तशा आवाजात म्हणाली, "अहो, पण मी परत आले असते."

ती उठली आणि कप विसळायला आत गेली. त्यानंतर सात वर्षं आम्ही एकत्र होतो, भांडलो नाही, ती माझ्याशी पूर्वीसारखीच वागली. लोक येत होते, चहा होत होता. मी दर वेळी तिच्या तोंडाकडं बघत बसायचो. ती गोष्ट तिनं परत कधी कुणाला सांगितली नाही.